गिरीजची सूर्यजाळी

आचोळ्यातल्या नव्या कॅफेच्या भिंतीवर उगवत्या सूर्याची लोखंडी जाळी टांगलीय. खाली पाटी: ‘आर्ट डेको’. कॉलेजात असताना हा शब्दही मला ठाऊक नव्हता. तेव्हाचे गिरीज गावातले घण मात्र कानात पुन्हा सुरू झाले.

नवऱ्याच्या पुतण्यांनी शेजारच्या सिसिलमावशीचं घर बिल्डरला विकलं होतं. तिच्या सासऱ्यांनी मुंबईतल्या इमारती पाहून बांधलेली गोल बाल्कनी फुटत होती. मावशीने तिथली अशीच सूर्याची जाळी घट्ट धरली होती. कामगारांनी ती हिसकली, तिचे तळवे फाटले. मी कंत्राटदाराची कॉलर पकडली. "हा वारसा आहे."

त्याने खिशातून गावातली जुनी घरं वाचवायच्या आमच्या मोहिमेचंच पत्रक काढलं. "वाच की, पुढारी. ‘कौलारू घरं वाचवा, सिमेंटचा राक्षस गाडा.’ हे घर सिमेंटचंच ना?"

ते मीच लिहिलं होतं.

मावशीने रक्ताळलेले हात पदराला पुसले. "कितीदा सांगितलं तुला, बाबा, माझंही घर त्यात लिही."