आबांच्या फिरत्या घराचा विमा

सगळा दोष आबांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या यावलच्या घरात वडीलधाऱ्यांचा दोष कोणी काढत नाही. त्याचे किस्से होतात आणि लग्नाच्या पंगतीत वाढले जातात. आबांच्या गाडीचे तर इतके साठलेत, की जेवण मागे पडतं.

आबा म्हणजे माझे थोरले काका. केळी चांगली गेली त्या वर्षी त्यांनी लिलावातून लष्कराचा जुना ट्रक आणला. आत दोन खाटा, स्टोव्ह, पाण्याची टाकी. कशाला? तर हिंडायला. मी जळगावचं कॉलेज सोडून नुकताच घरी बसलो होतो. आबा म्हणाले, "वर्षभर नीट चालव, गाडी तुझ्या नावावर." घरातल्या म्हाताऱ्यांनी मला दिलेला हा एकमेव कामाचा शब्द.

*

विम्याचा एजंट जळगावहून आला. आम्ही त्याला विमाभाऊ म्हणायचो.

"गाडीचा वापर काय?"

"झोपायचं, खायचं, गप्पा मारायच्या," आबा म्हणाले.

"मग हे घर झालं."

"घराला कधी चाकं पाहिलीत?"

"बरं, गाडी लिहितो."

"गाडीत कोणी भाकरी थापतं का हो?"

विमाभाऊंनी दुसरा चहा मागितला आणि 'सहलीची खाजगी गाडी' असं लिहून सुटका करून घेतली.

*

आबांना ठाऊक होता तो माणसाचा विमा, मुदत संपली की पैसे परत देणारा.

"वर्षभर कुठे आपटलीच नाही, तर पैसे परत?"

"नाही आबा. नशीब चांगलं म्हणायचं."

"वा. नशीब आमचं, पैसे तुमचे."

आबांची बहीण अक्का चुलीपासून म्हणाली, "मंग वरीसना शेवटले जराशी आपटी दे."

विमाभाऊ हसले. अक्का हसली नाही.

*

धावत्या गाडीत स्टोव्ह पेटवायचा नाही, असं विमाभाऊंनी बजावलं होतं. धुळ्यावरून तोरणमाळला निघालो, तर घाटात मागून वांगं भाजल्याचा वास.

"अक्का, विम्यात हे चालत नाही."

"वांगं काय कागद वाचस का? तू गाडी हाक."

हाकली. भरीत झकास झालं होतं, याचीच जास्त चीड आली.

*

फैजपूरच्या वाटेवर केळीची बैलगाडी आडवी आली. मी ट्रक निंबावर घातला. बैल वाचले, माणसं वाचली, गाडीचं तोंड चेपलं.

विमाभाऊ म्हणाले, "घाबरू नका, भरपाई मिळेल. फक्त कंपनीचे सर्व्हेअरसाहेब नुकसान पाहून जाईपर्यंत हात लावू नका. आहे तशीच राहू द्या."

आबांनी मान डोलावली. ती मान मी ओळखायला हवी होती.

साहेबांना आणायला मी जळगावला गेलो. साहेब दौऱ्यावर. आठवडाभर मावशीकडे पडून राहिलो आणि शेवटी त्यांना घेऊन एस.टी.नं यावलला उतरलो.

दाराला तोरण. अंगणात गाडी. तोंड ठोकून सरळ केलेलं, काच नवी, अंगभर हिरवा रंग, वर झेंडूचा हार. अक्का ओवाळणीचं ताट घेऊन उभी.

"आबा, हे काय केलं?"

"साहेब पहिल्यांदा दारी येताहेत. पाहुण्याला मोडकी गाडी दाखवू? अब्रू शे ना घरनी."

साहेबांनी गाडीला दोन चकरा मारल्या. वाकून खाली पाहिलं.

"नुकसान कुठे आहे?"

आबांची छाती फुगली. "काहीच ठेवलं नाही, साहेब."

साहेब दोनदा भरीत घेऊन, हार गळ्यात घालून परत गेले. दुरुस्तीच्या खर्चापायी आबांनी पोळ्याच्या आत गाडी विकली. माझ्या नावावर व्हायला दोन महिने राहिले होते.