दहावी चूक

सुनंदा तांबेचा आवाज अख्ख्या रत्नागिरीला पाठ होता, पण तोंड फार थोड्यांना ठाऊक. मासळीबाजारात तिनं नुसतं "बांगडे कसे दिलेस गो?" विचारलं, तरी बाजूचं गिऱ्हाईक चमकून बघायचं. "अहो, तुम्ही ट्रंकवाल्या बाई ना? आमच्या भावाचा कॉल तुम्हीच लावलात!" सुनंदा लाजायची, पण आतून खूश व्हायची. मंडणगडकडच्या एका वाडीतून मॅट्रिक होऊन आलेली पोरगी, टेलिफोन खात्यात लागली तेव्हा बावीस वर्षांची होती. पाठच्या दोघा भावांची शिक्षणं, आईचं दुखणं, यात लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच. त्याचं रडगाणं तिनं कुणापुढं गायलं नाही. कुणी खोदून विचारलं तर "चाललंय की झकास!" म्हणून विषय बदलायची.

तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑपरेटर चिठ्ठीवर नंबर लिहून घेई, बोर्डावरच्या भोकात प्लग खुपसून मुंबईच्या ऑपरेटरला गाठे आणि मग इकडच्या पार्टीला तिकडची पार्टी जोडून देई. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" असा नियम. कुणी रडत असो, कुणी नातवाचं नाव सांगत असो, सुनंदानं चौदा वर्षांत तो एकदाही चुकवला नव्हता.

मुंबईच्या बाजूला असायचा सहदेव पावसे. तिची ओळ ठरलेली, "हॅलो बॉम्बे, रत्नागिरी बोलतेय." आणि त्याचीही ठरलेली, "बोला, रत्नागिरी!" पण त्या 'बोला'त केळशीचा असा काही हेल होता, की पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "दापोलीकडचे काय हो तुम्ही?" तिथून जे सुरू झालं ते चौदा वर्षं चाललं. दोन कॉलच्या मध्ये अर्धं मिनिट, कधी एक मिनिट. तिकडं पाऊस आहे का, कोळंबी आली का, डोकं दुखायचं थांबलं का. एकदा पंधरा दिवस तिकडून दुसऱ्याच कुणाचा आवाज येत राहिला. सुनंदाचं जेवणावरचं मन उडालं. सोळाव्या दिवशी सहदेव परत आला आणि एवढंच म्हणाला, "बायको गेली हो, रत्नागिरी." पुढचा कॉल तिनं दोन मिनिटं उशिरा लावला आणि तेवढा वेळ दोघं नुसते लाइनवर बसून राहिले.

पुढं तिला कळलं, की रत्नागिरीच्या लाइनवर बसायची पोझिशन तो मुद्दाम मागून घेतो. हे कळल्यावर ती तीन दिवस उगाच गुणगुणत होती. वेडीच ती! त्याची जात वेगळी, हिची वेगळी, दोघांना एकमेकांची आडनावं माहीत होती आणि आडनावांचा अर्थही. पण आवाजाला कुठं आडनाव असतं?

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात ती वाडीतल्या बायकांबरोबर सहा तारखेला दादरला गेली. बाबासाहेबांना वंदन करून बायका परत फिरल्या, ही मात्र मावशीकडं राहते म्हणून मागं राहिली. दुसऱ्या दिवशी निळं पातळ नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून ती मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजच्या गेटासमोर जाऊन उभी राहिली. पाळी सुटली. माणसं बाहेर पडली, वीस, पन्नास, सत्तर. उंच, बुटके, टकले, डबेवाले, छत्रीवाले. यातला सहदेव कोणता? तिनं चौदा नाही तरी बारा वर्षं त्या माणसाला ऐकलं होतं, पण डोळ्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. गेटावर विचारता आलं असतं. नाही विचारलं. गर्दी पांगली, तशी ती मुकाट्यानं एसटी धरून परत आली आणि सहदेवला यातलं अवाक्षर बोलली नाही. "काय रत्नागिरी, चार दिवस कुठं होतात?" त्यानं विचारलं. "भावाकडं," ती म्हणाली.

मग एसटीडी आलं. लोक घरबसल्या मुंबईचा नंबर फिरवायला लागले आणि मुंबईला हातानं जोडायच्या सहा लाइनींपैकी पाच गेल्या. सहावीचाही हुकूम आला, एकतीस मार्च एकोणनव्वद, संध्याकाळी पाच वाजता बंद. सुनंदाला चौकशीच्या टेबलावर टाकणार होते, सहदेवला जुन्या चिठ्ठ्यांच्या खोलीत. म्हणजे दोघांमधला धागाच तुटणार होता. मी गेटावर आले होते, एवढं तरी त्याला सांगायचं, असं सुनंदानं ठरवलं. पत्र लिहिता आलं असतं की! पण ऑफिसात येणारं पत्र दहा जण उलटंपालटं करून बघतात, आणि खरं सांगायचं तर तिला ते कागदाला सांगायचं नव्हतं, त्या आवाजाला सांगायचं होतं. रोज ठरवायची आणि रोज उद्यावर ढकलायची.

अशात एके दिवशी महिपत शिगवण तणतणत एक्स्चेंजच्या दारात आला. गावात त्याचा टायपिंगचा क्लास होता. तिथं त्यानं मशीनांच्या रांगेशेजारी एक कॉम्प्युटर आणून ठेवला होता आणि गाव त्याला हसत होतं.

"बाई, माझ्या कॉलमध्ये तुम्ही बोललात?"

"तीन मिनिटं झाली होती. नियम आहे. आणि तुमच्या कॉलवर बोलत कोण होतं? नुसती खरखर आणि शिट्ट्या! मला वाटलं लाइन बिघडली."

महिपतनं कपाळावर हात मारला. मग खाली बसला आणि समजावून सांगायला लागला, कारण सांगायची हौस त्याला दांडगी. मुंबईत एका हौशी माणसाच्या घरी कॉम्प्युटर फोनला जोडून ठेवलाय. त्याला म्हणतात बुलेटिन बोर्ड. आपल्या चावडीवरच्या फळ्यासारखाच. कुणीही फोन लावावा, वाचावं, लिहावं, तिथं ठेवलेले प्रोग्रॅम उतरवून घ्यावेत. आपल्या बाजूला मोडेम नावाचा डबा लागतो, तो कॉम्प्युटरचं लिहिणं शिट्टीत घालून पाठवतो. महिपतनं दोन महिने खपून सगळं जुळवलं होतं. वेग तीनशे, कारण त्याहून जास्त आपल्या लाइनला झेपत नाही. अमुक बिट, तमुक बिट. बोर्डावर एक नवीन प्रोग्रॅम होता, झेडमोडेम. फाइल मध्येच तुटली तरी तो फिरून पहिल्यापासून सुरुवात करत नाही. पण तो मिळवायचा तर जुन्या एक्समोडेम नावाच्या प्रोग्रॅमनंच उतरवून घ्यायला हवा, आणि जुन्याला मधलं बोलणं खपत नाही.

"फाइलचे दोनशे चाळीस तुकडे. एकेकाला पाच सेकंद. तुकडा आला की माझं मशीन टिक करतं, म्हणजे मिळाला, पुढचा पाठवा. चुकला तर जरा थांबून टिक करतं, म्हणजे तोच परत पाठवा. एकच तुकडा दहा वेळा चुकला, की हात टेकतं. सगळं मुसळ केरात!"

"म्हणजे नऊ चुका चालतात?" सुनंदानं विचारलं.

महिपत हसला. "चालतात. पण तुम्ही करू नका म्हणजे झालं, ताई."

त्यानंतर त्याचा कॉल आला की ती वाढीव मिनिटं आधीच चिठ्ठीवर लिहून घेई आणि बोलायची कळ बंद ठेवून फक्त ऐकायची कळ उघडी ठेवी. खर्रर्र, टिक. खर्रर्र, टिक. चौथ्या दिवशी तर तिला चुकलेला तुकडा ओळखता यायला लागला. खर्रर्र, मग श्वासभर शांतता, मग टिक. पलीकडं सहदेवही ऐकत बसलेला असे, हे तिला त्याच्या श्वासावरून कळायचं. पण लाइन खराब, शंभराच्या पुढं फाइल काही गेली नाही. तीनदा तुटली.

एकतीस मार्चला शुक्रवार होता. सकाळपासून चिठ्ठ्यांचा नुसता ढीग. जो तो म्हणे, शेवटचा कॉल बाईंच्या हातचा लावू. सुनंदाला पाणी प्यायला फुरसत नाही, मागं सुपरवायझर कमलाबाई खुर्ची टाकून बसलेल्या. साडेचारला महिपतचा फोन आला. "ताई, माझ्याकडं एसटीडी यायला वर्ष लागेल. आजच्या दिवस सांभाळा." पहिल्या खेपेला तिकडचा बुलेटिन बोर्ड फोन उचलेचना. दुसऱ्या खेपेला उचलला आणि शिट्ट्या जुळल्या, तेव्हा घड्याळात चार एकोणचाळीस झाले होते.

जोडायच्या आधी सहदेव पटकन म्हणाला होता, "रत्नागिरी, हा शेवटचा."

"हो," ती म्हणाली होती आणि तिनं पार्टी जोडून दिली होती.

दोनशे चाळीस तुकडे, वीस मिनिटं, म्हणजे पाचला एक कमी. बोलायला एक मिनिट तरी उरेल, असा तिनं हिशेब मांडला आणि ऐकत बसली. खर्रर्र, टिक. लाइन त्या दिवशी कधी नव्हे ती गुणी झाली होती. पण तरी मध्ये मध्ये एखादा तुकडा चुके आणि दर चुकीला पाच-सहा सेकंद सरत. पाचला पाच कमी असताना तिच्या लक्षात आलं, की उरलेलं मिनिट संपलंय. फाइल पुरी होईल ती पाचच्या ठोक्याला. त्यानंतर पलीकडं कुणी नसेल.

हेडफोनात सहदेवचा श्वास येत होता. महिपतचे दोन महिने एका बाजूला, हिची चौदा वर्षं दुसऱ्या. मसणात गेला नियम, असं मनात म्हणून तिनं बोलायची कळ पुढं ढकलली.

"सहदेव."

शिट्टी अडखळली. शांतता, टिक. एक.

"मी आले होते मुंबईला. सत्त्याऐंशीत. तुमच्या गेटासमोर उभी होते."

दोन. तीन. पलीकडून खरखरीच्या आडून आवाज आला, "काय म्हणता?"

"निळं पातळ नेसून. पाळी सुटली, सगळे बाहेर आले. मला तुम्हाला ओळखताच आलं नाही. परत गेले मी."

चार. पाच. कमलाबाई उठून तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. पार्टीच्या लाइनवर ऑपरेटरनं स्वतःचं बोलणं म्हणजे केवढा गुन्हा! त्यांनी सुनंदाच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं खिडकी लावायला निघून गेल्या.

सहा. सात. मग चौदा वर्षं 'रत्नागिरी' आणि 'सुनंदाबाई' म्हणणारा तो माणूस केळशीच्या अंगणात बोलावं तसा बोलला.

"मग हाक मारायची होतीस गो! आवाजावरनं वळखलं असतं मी तुला."

आठ. तिला हसू आलं आणि रडू आलं. जन्मभर जिभेवर पोट भरलं आणि नेमकं त्या दिवशी तोंडाला कुलूप! ती काही म्हणणार, तोच शांतता, टिक. नऊ.

तिनं कळ मागं ओढली. पलीकडं सहदेवही वाक्याच्या मध्येच थांबला. त्यालाही मोजता येत होतं तर. दहाव्या खेपेला तोच तुकडा स्वच्छ गेला. खर्रर्र, टिक. मग त्याच्या पुढचा. पाच वाजले, पाच वाजून एक मिनिट झालं, लाइन कापायला बसलेल्या माणसाला तिकडं सहदेवनं काय सांगून थोपवलं देव जाणे. शेवटचा तुकडा गेला, बारीक शिट्टी वाजली, आणि मग लाइनीत काहीच उरलं नाही. तिनं दोनदा "बॉम्बे?" म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी महिपत पेढे घेऊन आला. "ताई, आली फाइल! एका तुकड्यावर लागोपाठ नऊ चुका आल्या हो. माझा जीव टांगणीला! दहावी झाली असती, की गेलं होतं सगळं."

"लाइन खराब होती," सुनंदा म्हणाली.

"आता खराब असली तरी फिकीर नाही. नव्या प्रोग्रॅमला कुणी मध्ये बोललं तरी चालतं. जिथं तुटलं तिथून पुढं सुरू करतो."

"आणि लाइनच नसली तर?"

"मग कसं व्हायचं, ताई? लाइन तर हवीच." महिपतनं पेढा पुढं केला. "नाहीतर आपणच उठून जायचं, फ्लॉपी खिशात घालून."

सुनंदानं पेढा घेतला, पण तो बराच वेळ हातातच राहिला. दुपारी तिनं कमलाबाईंपुढं दोन दिवसांच्या रजेचा अर्ज ठेवला. कमलाबाईंनी कारण न वाचताच सही केली.

सोमवारी साडेपाचला ती पुन्हा त्या गेटासमोर उभी होती. पातळ तेच, निळं. माणसं बाहेर पडायला लागली, वीस, पन्नास. पाय परत फिरा म्हणत होते. तिनं पदर मुठीत घट्ट धरला आणि भर रस्त्यात, बोर्डासमोर बसल्यासारखी, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"हॅलो बॉम्बे, रत्नागिरी बोलतेय."

दहा-बारा जणांनी वळून पाहिलं. कुणी फिदीफिदी हसलं. पिशवी घेतलेला एक काळासावळा माणूस मात्र वळला नाही. तो होता तिथंच थांबला आणि त्याचा उजवा हात आपसूक कानाकडं गेला.

"बोल गो, रत्नागिरी," तो म्हणाला.