कडमच्या पाण्यात ओतलेला डबा

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींबद्दल सगळे म्हणायचे, ते गर्विष्ठ, म्हणूनच त्यांनी वनभोजनाला येणं सोडलं. हे खोटं आहे, एवढं मला एकट्याला ठाऊक होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दर कार्तिकात आम्ही शिक्षक निर्मल गावावरून कडम धरणावर वनभोजनाला जायचो. पुरानं एकदा फोडलेलं आणि पुन्हा बांधलेलं ते जुनं धरण. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा, सगळे डबे एका सतरंजीवर मांडायचे आणि कोणाचं काय हे न विचारता वाढून घ्यायचं, अशी रीत होती. मांडामांड माझ्याकडे असे. त्या वर्षी ते गुरुजी नवे होते. आमच्या शाळेतले पहिले बौद्ध शिक्षक. जीपमध्ये भला मोठा डबा मांडीवर धरून बसले होते.

"काय गुरुजी, सासुरवाडीले चालले का?" मी चिडवलं.

"हसून घ्या. मंडळीनं पहाटे उठून पातोडीचा रस्सा केला हाये. बोटं चाटत बसान!"

धरणाची दारं बंद होती. एका अंगाला डोंगरापर्यंत पाणी, दुसऱ्या अंगाला उघडे खडक. सगळे भिंतीवर हिंडायला गेले आणि मी पाण्याच्या अंगाला झाडाखाली डबे मांडू लागलो. गुरुजींच्या डब्यापाशी माझा हात थांबला. आमच्यात एक वयस्कर मास्तर होते, सोवळं पाळणारे. हा डबा पाहून ते उपाशी उठतील, असं मला वाटलं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मास्तरांनीही नाही.

मी डबा उचलला आणि काठाशी जाऊन पाण्यात उपडा केला. बेसनाच्या पातोड्या बुडाल्या. लाल तेल मात्र वर पसरलं. ते हातानं सारत असताना मी मागे पाहिलं, तर भिंतीच्या पायऱ्यांवर गुरुजी उभे होते.

जेवताना कोणीतरी विचारलं, "पातोडी कुठी हाये?"

"चाखता चाखता मीच संपवली," मी म्हणालो.

"काऊन हो, एकट्यानंच?" सगळे हसले.

"खाऊ द्या न," गुरुजी म्हणाले. "भूक लागली असन त्यायले." त्यांनी फक्त दहीभात घेतला.

पुढच्या कार्तिकात ते आले नाहीत. "माज आला त्याले," कोणीतरी म्हणालं. मी सतरंजीची घडी घालत होतो, घालत राहिलो.

नंतर त्यांची बेज्जूरकडे बदली झाली. नव्वदच्या दशकात एकदा गुडीहत्नूरच्या बसथांब्यावर ते नवरा-बायको मला भेटले. ओळख होताच त्यांची बायको हसली.

"म्हंजे पातोडी एकट्यानं संपवणारे भाऊजी तुमीच! यायनं घरी येऊन सांगतलं, तं मले लई बरं वाटलं होतं."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते.

"हो वहिनी," मी म्हणालो, "तशी पातोडी पुन्हा नाही खाल्ली."

त्यांची बस आली. पुढे गुरुजी वारल्याचं मला फार उशिरा कळलं. त्या थांब्यावर मला त्या दोघांना एवढंच सांगायचं होतं: वहिनी, तुमच्या हातचं अन्न मी पाण्यात ओतलं. गुरुजी, लोक तुमाले गर्विष्ठ म्हणत असताना मी गप्प राह्यलो. मले माफ करा.