पालीचं छप्पर

खाण सुरू होण्याआधी कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोणते जीव राहतात, हे आम्ही पाहत होतो. आमचा एक रिवाज आहे: उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा.

"अहो, इथे नुसता कातळ!" म्हणत खाणीच्या साहेबांनी बुटाने एक दगड उलटवला आणि पुढे निघाले. दगडाच्या पोटाला चिकटलेली पालीची दोन अंडी भर उन्हात उघडी पडली. माझं डोकंच फिरलं. नाटकातल्या राजासारखा मी गरजलो, "थांबा! आधी छप्पर ठेवा!"

"पालीचं?" ते हसले.

"पालीचंच! तुमचं उडवलं तर हसाल?"

कुरकुरत वाकून त्यांनी दगड ठेवला. "झालं समाधान?"

कसलं समाधान! हेच साहेब उद्या अख्खा सडा उलटवतील. तो होता तसा ठेवायला कुणाचे हात पुरणार?