निळ्या साल्व्हियाची उपासमार

पळीमावशीच्या हातचं जेवून आजवर कुणी अर्धपोटी उठलेलं नाही. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिनं अर्धं आयुष्य पळी चालवली. एकदा वरच्या साहेबानं भात वाढायला मापाची वाटी धाडली, तर मावशीनं ती वाटी त्याच्याच टेबलावर आपटली. "पोटाला माप लावणाऱ्यानं आधी स्वतःचं ताट मोजून दाखवावं!" वाटी पुन्हा स्वयंपाकघरात दिसली नाही. पळी राहिली आणि नावही तेच पडलं.

निवृत्तीनंतर मात्र पंचाईत झाली. भरवायला माणसंच उरली नाहीत. मुलगा जहाजावर. सून औषधांच्या दुकानात कामाला आणि खाणं चिमणीएवढं. राहता राहिला नवरा. तोही बस चालवून निवृत्त झालेला, आणि मावशीच्या कृपेनं त्याचं पोट शेवटी शेवटी स्टिअरिंगला टेकत होतं. तोसुद्धा आता ताटावर हात आडवा धरू लागला. मावशीचे हात नुसते शिवशिवत राहिले.

ते बघून सुनेनंच रोपवाटिकेतून निळ्या साल्व्हियाची रोपं आणली. दारापुढे दोन खाटा मावतील एवढं अंगण, दिवसभर ऊन, माती भुसभुशीत. "आई, निळे तुरे येतात याला. उंच, नाजूक. फार काही करावं लागत नाही."

"फार काही करावं लागत नाही" हे वाक्य मावशीला आयुष्यात कधी समजलेलंच नाही.

रोपं लागली त्याच आठवड्यात नवऱ्यानं बॉम्ब टाकला. त्यानं एक जुनी मोटार घेतली होती. ती कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याकडे ठोकाठोकी आणि रंगाला दिली होती.

"रंगून आली की अंगणात उभी राहणार," तो म्हणाला.

"अंगणात माझी रोपं आहेत."

"रोपं काढ. गाडी रस्त्यावर ठेवली तर येता-जाता लोक चरे ओढतील."

"जन्मभर बस रस्त्यावर चालवली ती काय घरात आणून ठेवायचात?"

"बस सरकारची होती. ही माझी आहे!"

मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या समोरून भलेभले साहेब मागच्या पावली परतलेत. पण हा नवरा होता, त्याला तिच्या रागाच्या सगळ्या पायऱ्या पाठ होत्या. शेवटी सुनेनं मध्ये पडून तोड काढली. गाडी रंगून यायच्या आत एक तरी निळा तुरा उघडला तर अंगण मावशीचं. नाही उघडला तर गाडीचं.

"मंजूर," नवरा म्हणाला. "मी थांब्यावर थांबतो म्हटलं की थांबतो. सगळा मार्ग ओळखतो मला."

झालं. मावशीनं पदर खोचला. शेणखताचं पोतं आलं, पेंड आली, तांदळाचं धुवण, भाज्यांचं पाणी, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, कुणीतरी सांगितलं म्हणून चिमूटभर युरियासुद्धा. रोपं अशी फोफावली, की रस्त्यावरची माणसं कुंपणापाशी थांबून बघू लागली. हिरवीगार, तळहाताएवढी पानं. देठ जाडजूड. तुरा मात्र नावाला नाही. वरून झाडं स्वतःच्याच वजनानं आडवी पडायला लागली.

"पालक छान आलाय," नवरा म्हणाला.

"जळा तुम्ही."

सुनेनं पान उलटंपालटं करून पाहिलं. "आई, जास्त होतंय. आमच्याकडे औषधाचा डोस असतो ना, तसंच. खायला मिळतंय तोवर झाड पानंच काढत बसतं, फुलायचं त्याच्या मनातच येत नाही. खत बंद करा. शेंडे खुडा. साधं पाणी, तेही माती सुकल्यावर."

"म्हणजे उपाशी मारू?" मावशी कडाडली. "माझ्या दारात?"

"मारू नका. थोडं भुकेलं ठेवा."

"ते तुझ्या दुकानात चालत असेल!" मावशीनं त्या दिवशी सुनेच्या ताटात रागानं दुप्पट भात वाढला.

इकडे नवऱ्याची वेगळीच डोकेदुखी. रंगारी काम करेना. गाडी कधी होणार विचारलं की तो म्हणायचा, "उद्या." सगळी गल्ली त्याला उद्याशेठच म्हणायची. नवऱ्यानं शक्कल लढवली. मावशीकडून रोज दुपारचा डबा भरून घ्यायचा आणि स्वतः नेऊन द्यायचा. माणूस खाल्ल्या अन्नाला जागेल! मावशीनं कुरकुर केली नाही. दुसऱ्या बाजूचा का असेना, भुकेला तो भुकेला. भात, अंड्यांचा रस्सा, भाजी, वर काहीतरी गोड, झाकण दाबून बसवावं लागेल इतकं.

एका दुपारी नवरा लालबुंद होऊन परतला.

"झोपलाय! माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर, पोटावर हात ठेवून घोरतोय! वर म्हणतो, काका, मावशीच्या हातचं जेवल्यावर हातात पॉलिशपेपर धरवत नाही. बंद! डबा बंद!"

डबा बंद झाला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी नवरा शीळ घालत आला. "अगं, एक अख्खा दरवाजा घासून अस्तर मारलं पठ्ठ्यानं! पोटात काही नाही म्हटल्यावर कसे हात चालतात बघ."

मावशीच्या हातातली पळी पातेल्यातच थांबली. तिनं दारातून बाहेर पाहिलं. अंगणात साल्व्हिया एकमेकांच्या अंगावर रेलून पसरले होते. अगदी उद्याशेठसारखे.

रागीट माणसाला चूक कळली तरी ती तोंडानं मान्य करवत नाही. सकाळी सुनेची कात्री घेऊन मावशीनं तोंड वळवून एकेका झाडाचा वरचा भाग छाटला. "गप्प बसा, माझ्याकडे बघू नका," असं झाडांनाच दटावलं. सुनेच्या सांगण्यावरून भरपूर साधं पाणी सोडून मातीतलं खत धुऊन काढलं. धुवण मोरीत गेलं. पेंड शेजारणीच्या म्हशीला गेली. हे केल्यापासून मावशीला स्वतःचं जेवण गोड लागेना.

"शाब्बास, आई," सून म्हणाली. "पण नवे तुरे यायला वेळ लागेल. आणि बाबांची गाडी तर आता भराभर होतेय."

"होईल का?" मावशी म्हणाली, आणि तिनं फळीवरून डबा खाली काढला.

दुसऱ्या दिवसापासून मावशी बाजाराला जाताना कोपऱ्यावरून जाऊ लागली. पिशवीत तळाशी डबा, वर कोथिंबीर. "खा रे बाबा. अन् काकांना बोलायचं नाही."

"मावशी, काम राहील हं."

"राहू दे. जेवताना घाई करू नये."

म्हणजे बघा काय न्याय! ज्यांना फुलवायचं ती दारात उपाशी, आणि ज्यानं काम करू नये तो तिकडे दोन दोनदा रस्सा घेतोय. उद्याशेठच्या अंगावर तकाकी आली. गाडी होती तशीच, एका दरवाजापुरती देखणी. नवऱ्याला तो रोज फोनवर म्हणायचा, "काका, रंग वाळतोय."

इकडे छाटलेल्या ठिकाणी बारीक फांद्या फुटल्या. मग शेंड्यांवर करड्या रंगाच्या, मखमली, दाणेदार काड्या उभ्या राहिल्या, न उघडलेले तुरेच. मावशी सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढे बसायची आणि हात पाठीशी बांधून ठेवायची.

शेवटी नवऱ्याचा धीर सुटला. तो न सांगता कोपऱ्यावर गेला आणि परतला तो हातात डबा घेऊन. कडीला लाल दोरा बांधलेला, इस्पितळाच्या वेळचा. अख्ख्या गल्लीत तसा दुसरा नव्हता.

"हे काय आहे?"

"डबा आहे. धुतलाय का त्यानं?"

"दगा! मी बंद कर म्हटलं होतं!"

"तुम्ही न्यायचं बंद केलंत, मी नेऊ लागले. आणि आपलं ठरलं तेव्हा उद्याशेठला उपाशी ठेवायचं ठरलं होतं का? पोटाला माप लावायचं मी त्या साहेबाचं ऐकलं नाही, तर तुमचं ऐकू?"

"तत्त्वं काढू नकोस, गाडीचं बोल! मी उद्याच तिथे खुर्ची टाकून बसतो आणि..."

"बाबा," सून अंगणातून म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली होती. "जरा इकडे या."

नवरा डब्यासकट गेला. एका काडीच्या तळाशी बारीक बारीक कळ्यांनी तोंडं उघडली होती. निळी. नव्या शाईसारखी, डोळ्यात भरणारी. एक मधमाशी आधीच येऊन खटपट करत होती.

नवऱ्यानं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "जांभळं आहे," तो पुटपुटला.

"निळं आहे, बाबा."

त्यानं वाकून पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यानं डबा मावशीच्या हातात दिला. "थांबा आला," तो म्हणाला. "थांबलो."

गाडी पुढे कधीतरी आली. आता कुंपणाबाहेर उभी असते, तिच्या काचेत निळे तुरे दिसतात. नवरा तिला पुसतो, आणि पुसता पुसता सुकलेले तुरे कात्रीनं उडवतो. ते काम मावशीच्यानं होत नाही. नव्या तुऱ्यांसाठी कधीतरी मूठभर खत द्यायचं असतं, तो डोस सून ठरवते. पण तुरे बघून मावशीला पुन्हा माया दाटून येते, हे घराला ठाऊक आहे. म्हणून शेणखताचं पोतं गाडीच्या डिकीत असतं, कुलूपबंद.

"अहो, किल्ली द्या जरा. बिचारी किती राबताहेत. एकच मूठ."

"कुणाची मूठ?"

"माझी."

"मग नाही," नवरा म्हणतो, आणि किल्लीचा खिसा हातानं दाबून धरतो.