लिंबं चिरडताना

बॅटरीवरची नवी गाडी घेतली आणि पूजेला थेट पिंपळगाव रेणुकाईच्या देवळासमोर नेली. चाकांखालची लिंबं वडिलांनीच चिरडायची, हा आईचा हट्ट. वडिलांची उभी हयात डिझेलच्या जीपवर गेलेली. ते स्टिअरिंगला बसले, मी शेजारी. आई "झालं, घ्या" म्हणाली, तशी मी बटण दाबून गाडी चालू केली आणि गिअर टाकून दिला.

वडिलांनी कान दिला. काहीच आवाज नाही.

"चालूच झाली न्हाई की," म्हणाले आणि जीपला द्यायचे तशी दणकून रेस दिली.

गाडी उडालीच. मी ओरडलो. ब्रेक लागला तेव्हा पुढचं चाक देवळाच्या पायरीला टेकलं होतं.

खाली उतरून बघतो तर पूजेचं ताट पापडासारखं चपटं झालेलं. आई बाजूला उभी, हातात कापराची पुडी. लिंबू सरळ करायला ती पुन्हा चाकापुढं बसली होती आणि कापूर राहिला म्हणून नुकतीच उठली होती. बॉनेटच्या आड आम्हाला ती दिसलीच नव्हती. ती एकदम कडाडली, "मुडदा बशिवला हिचा! जीव घ्यायला निघाली अन् साधा आवाजबी न्हाई!"

परतताना मी चालवत होतो. रिकाम्या रस्त्यावर वडील सारखे हात लांबवून हॉर्न दाबत होते.

"अण्णा, समोर कुणी न्हाई," मी वैतागून म्हणालो.

"मघा तुझी माय तरी कुठं दिसली व्हती?"