भागूबाईचे तळवे

सारजाबाईच्या घरात शुगर शिरली ती तिच्या थोरल्या दिराच्या पायातून. फकिरा बांधकामावर विटा वाहायचा. गडी धडधाकट. एका हिवाळ्यात पाय गार पडले म्हणून त्यानं चुलीतली तापलेली वीट फडक्यात गुंडाळून तळव्याशी धरली आणि तसाच पडून राहिला. कातडी भाजून निघाली, फोड आले, पण त्या माणसाला पत्ता नव्हता. फोड चिघळले, चिघळलेलं वर चढलं, पाय गुडघ्याखालून काढावा लागला, आणि पुढचा हिवाळा यायच्या आत फकिराही गेला.

सगळे रडले. सारजाबाईही रडली, पण तिच्या मनात वेगळंच घर करून बसलं. भाजताना माणसाला कळत कसं नाही? दुखणं असलं की माणूस ओरडतो, घर धावून येतं. ज्या दुखण्याला तोंडच नाही त्याला ओळखायचं कसं?

म्हणून मुकुंदवाडीच्या त्यांच्या वस्तीत एका संस्थेचा दवाखाना सुरू झाला, आणि तिथल्या कालिंदीताई नावाच्या सिस्टर वस्तीतल्या बायकांना शिकवून दारोदार पाठवणार असं कळलं, तेव्हा सारजाबाई सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. चार बुकं शिकलेली होती, बोलायला भीड नव्हती. ताईंनी सांगितलं ते तिनं पाठ केलं आणि आपल्या बोलीत बसवलं.

उंबऱ्याशी बसून ती समोरच्याचा पाय सरळ आपल्या मांडीवर घ्यायची. "रोज तळवा बघायचा. वाकता येत नसंल तर आरसा भुईवर ठेवायचा, न्हाय तर घरातल्याला दाखवायचा. पाणी किती ऊन हाय ते पायानं नाय, कोपरानं बघा. चप्पल झटकल्याबिगर घालू नका. बोटांच्या बेचकीत ओल ठेवू नका. अन् कुरूप झालं तर पातं लावू नका, बाबांनो, दवाखान्यात या."

वस्तीत तिचं बरंच चाललं. चाललं नाही ते फक्त तिच्या थोरल्या जावेपुढं. फकिराची ही बायको, भागूबाई, दोन घरं सोडून मुलाकडं राहायची. तिलाही शुगर निघाली होती, आणि ताईंनी डोळे मिटायला सांगून नायलॉनचा दोरा टेकवून बघितलं तेव्हा दोन्ही तळव्यांना काही कळत नव्हतं. त्या दिवसापासून सारजाबाईला फकिराचा पाय आठवत राहायचा.

नवरात्र तोंडावर आलं आणि तिची धास्ती वाढली. नातवाला डेंग्यू झाला तेव्हा भागूबाई कर्णपुऱ्याच्या देवीला नवस बोलली होती: नवरात्रात रोज पहाटे अनवाणी चालत येईन.

"अक्का, चप्पल घालून चला. लई तर पायरीशी काढा," सारजाबाई म्हणाली.

"अनवाणी म्हंजे अनवाणी. देवीशी हुज्जत घालू का मी?"

"तुमच्या पायाला कळत नाय, अक्का."

"देवीला कळतंय ना?"

घटस्थापनेच्या पहाटे सारजाबाई बॅटरी घेऊन जावेच्या दारात उभी राहिली. मुकुंदवाडीपासून जालना रोडनं, मग स्टेशनच्या अंगानं कर्णपुऱ्यापर्यंत, बायकांच्या झुंडीच्या झुंडी चालल्या होत्या. कुणी आरत्या म्हणत होतं, कुणी हसत होतं. सारजाबाईची नजर मात्र रस्त्यावरून उठत नव्हती. काच, खिळा, खडी, बाभळीची फांदी. जावेच्या दोन पावलं पुढं राहून ती उजेड टाकत चालायची आणि जत्रेतल्या पाळण्यांकडं तिनं एकदाही मान वर करून बघितलं नाही.

घरी आल्यावर तिनं कोमट पाण्याची परात पुढं ठेवली. "पाय द्या, धुते."

भागूबाई दचकली. "माझे? मी काय सवाष्ण हाय व्हय गं, नवरात्रात माझे पाय धुवायला?"

"मला धुवायचेत."

विधवा झाल्यापासून त्या बाईच्या पायाला कुणी हात लावला नव्हता. तिनं थोडा वेळ पदराशी चाळा केला आणि मग पाय परातीत ठेवले. सारजाबाईनं बोट न् बोट वेगळं करून पुसलं, तळवा उजेडाकडं वळवून बघितला. कुठं ओरखडा नव्हता. त्या दिवशी तिला दोन घास गोड लागले.

असंच रोज चाललं. मग एका पहाटे सारजाबाईचा नवरा कारभारी छातीत कळ आली म्हणून उठून बसला आणि तिला घरातून निघता आलं नाही. कळ वाताची निघाली, पण भागूबाई तोवर एकटीच जाऊन आली होती. दुसऱ्या दिवशीही ती सारजाबाईची वाट न बघताच गेली. परात घेऊन सारजाबाई आली तर म्हणाली, "आज नगं. मी धुतले." पाय लुगड्याखाली ओढून घेतलेले. डोळ्याला डोळा देईना.

सारजाबाई परात घेऊन उभीच राहिली. घरात उदबत्तीचा वास होता, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता. फकिराच्या खाटेजवळ यायचा तो.

"अक्का, पाय दाखवा."

"काय नाय झालं."

"मग दाखवा."

"दोन दिस राह्यलेत, सारजे! नवमी होऊ दे, मग काय करायचं ते कर."

सारजाबाईनं वयाचा, मानाचा विचार केला नाही. खाली बसून तिनं घोटा धरला, तर हाताला चटका बसावा तसा तो तापलेला. पुढं चिंधी, तिच्यात हळद भरलेली. सोडली तर करंगळीखाली काळपट भोक आणि तांबडा सुजलेला पट्टा घोट्याकडं निघालेला.

"दुखायलं का?"

"काहीच नाय," भागूबाई म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं. "काहीच नाय गं दुखत. म्हणून तर मला वाटलं..."

रिक्षानं घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आत पाय उघडून साफ करत होते तोवर सारजाबाई बाहेर फरशीवर बसून होती. आपण त्या पहाटे कुणाला तरी पाठवायला हवं होतं का? काल उशिरा का होईना, जाऊन पाय का नाही बघितला? मुलगा येऊन विचारायचा, "काकू, पाय राहील का?" आणि ती आतल्या दाराकडं बोट करायची. बाटलीच्या काचेचा तुकडा निघाला, नखाएवढा. करंगळी काढावी लागेल, बाकीच्याचं दोन दिवसांनी कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

वॉर्डात भागूबाईला पायाची काळजी नव्हती, नवसाची होती. "अर्धवट राह्यला. नातवाला काय झालं तर?"

"राह्यलेले दिस मी चालते, अक्का."

आणि ती चालली. पहाटेच्या गर्दीत ती एकटीच पायात चपला घालून होती. एका बाईनं नाक मुरडलंही. देवीपुढं हात जोडल्यावर तिला एवढंच बोलायचं सुचलं: 'चालतीय अक्काचं, पर चपला माझ्या हाईत. राग धरायचा तर माझ्यावर धर.' देवीचं भय आणि घाटीतलं भय, दोन्ही एकदम वागवत ती तिथून तशीच दवाखान्यात गेली.

दसऱ्याला सूज उतरली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, पाय राहिला. भागूबाई म्हणायची देवीनं राखला. सारजाबाईनं त्यावर कधी वाद घातला नाही. तिला वाद घालायला उसंत नव्हती, ती अजून रोज सकाळी येऊन तो तळवा बघायची आणि बघून झाल्यावरच चहा घ्यायची.

जखम भरायला दिवाळी उलटून गेली. मऊ तळाच्या चपला घालून भागूबाई हिंडूफिरू लागली, आणि एक दिवस काही न बोलता सारजाबाईच्या मागोमाग वस्तीत निघाली. मनकर्णाबाई नावाची एक म्हातारी होती, शुगरवाली, सारजाबाईला दारात बघितलं की कडी लावणारी. त्या दिवशीही आतून आवाज आला, "मला काय झालं नाय, जा."

भागूबाई पायरीवर बसली. चप्पल काढली, तीन बोटांचा पाय लांब केला आणि म्हणाली, "मलाबी काय झालं नव्हतं, मनकर्णे. बाहेर ये अन् बघ."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. म्हातारी त्या पायाकडं बघत राहिली, मग भिंतीला धरून खाली बसली आणि आपला पाय हळूच पुढं सरकवला. सारजाबाईनं तो मांडीवर घेतला. टाचेवर एक फोड होता, पाणी भरलेला, ताजा.

"हे कवापासून हाय?" तिनं विचारलं. "काय?" म्हणत म्हातारी वाकून बघू लागली.